सॅव्हिल रो : कोटाच्या आतली 'माया'

लंडनला जाऊन आलेल्या आपल्या माणसाचे फोटो ठरलेले असतात. बिग बेन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँमधला अमिताभ, फारच हौशी असेल तर लॉर्ड्सचं पॅव्हेलियन. पण मुंबईपासून टोकियोपर्यंत ऑफिसला, इंटरव्ह्यूला आणि स्वतःच्या रिसेप्शनला पुरुष जो सूट घालतो, त्याचा साचा जिथे घडला ती गल्ली मात्र कोणाच्याच लिस्टवर नसते.

गल्ली शोधायला सोपी आहे. पिकॅडिली सर्कसला ट्यूबमधून वर या, रीजंट स्ट्रीटने थोडं पुढे चला, डावीकडे व्हिगो स्ट्रीटला वळा. पुढे उजव्या हाताला एक शांत, नीटनेटका रस्ता दिसेल. ना होर्डिंग, ना सेलच्या पाट्या. सरळ चालत सुटलात तर पाच मिनिटांत संपेल. हीच सॅव्हिल रो. जपानी भाषेत सूटला 'सेबिरो' म्हणतात, तो शब्द या गल्लीच्या नावावरूनच आला असं एक मत आहे. शिंप्यांच्या गल्लीचं नाव दुसऱ्या देशाच्या डिक्शनरीत जाऊन बसावं, याहून मोठी जाहिरात कोणती?

मला ही गल्ली बघायची होती ती खरेदीसाठी नव्हे (आकडे पुढे देतोय, ते वाचलेत की कारण कळेल). मला एवढंच बघायचं होतं की एका कोटाला इतके पैसे पडतात, तर ते नेमके जातात कुठे? बटणात? कापडात? की नुसत्या नावात?

तळघरातले दिवे

ही गल्ली १७३०च्या दशकात वसली. जमीन अर्ल ऑफ बर्लिंग्टनची आणि नाव त्याच्या बायकोचं, लेडी डोरोथी सॅव्हिल. सुरुवातीला इथे लष्करी अधिकारी आणि बडी मंडळी राहायची. गिऱ्हाईक जिथे, तिथे शिंपी! आसपासच्या रस्त्यांवर टेलर्स आले आणि १८४६ मध्ये हेन्री पूल नावाच्या शिंप्याने आपल्या वडिलांच्या दुकानाचा दर्शनी दरवाजा सॅव्हिल रोवर काढला. तेव्हापासून ही गल्ली त्यांची झाली. हेन्री पूल अँड कंपनी आजही १५ नंबरला आहे. १८६५ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, घरगुती जेवणावळींसाठी यांच्याकडून एक आखूड कोट शिवून घेतला. मागच्या शेपट्या काढून टाकलेला. तोच डिनर जॅकेट. अमेरिकेतल्या टक्सिडो पार्क नावाच्या क्लबात तो गेला आणि जगभर 'टक्सिडो' झाला. तुमच्या मित्राने संगीतला भाड्याने आणला होता ना, त्याचा पणजोबा हा.

पण गंमत दुकानांच्या काचांमध्ये नाही, फुटपाथच्या खाली आहे. इथल्या अनेक इमारतींना तळघरं आहेत आणि त्यांच्या खिडक्या रस्त्याच्या पातळीखाली उघडतात. कठड्यावरून वाकून पाहिलं की खाली ट्यूबलाइटच्या उजेडात वर्कशॉप दिसतं. टेबलावर कोट पसरलेला, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान आणि सुई खालीवर, खालीवर. वर दुकानात गालिचे आणि चामड्याच्या खुर्च्या, खाली वाफेची इस्त्री आणि दोऱ्याची रिळं. दिवसभर मान खाली घालून बसलेली ही माणसं बघून मला आपल्याकडच्या जिन्याखालच्या टेलरची आठवण झाली. माणसं तीच, फक्त पोस्टल कोड वेगळा.

बिस्पोक म्हणजे काय रे भाऊ?

हल्ली मिसळीपासून मोबाइल कव्हरपर्यंत सगळंच 'बिस्पोक' झालंय. मूळ शब्द शिंप्यांचा. एखादं कापड गिऱ्हाइकाने 'बोलून ठेवलं' की ते बिस्पोक. म्हणजे आता हे त्याचं, दुसऱ्याला द्यायचं नाही.

कोट मिळण्याचे रस्ते तीन. पहिला रेडीमेड : हँगरवरून काढा, घाला, चला. दुसरा मेड-टू-मेजर : तयार साचा घेऊन तुमच्या मापाने कमी-जास्त करतात. तिसरा बिस्पोक : साचाच नसतो. कटर तुमची वीस-पंचवीस मापं घेतो, उजवा खांदा जरा खाली आहे, पाठीला किंचित बाक आहे, हे मुकाट्याने लिहून ठेवतो, आणि जाड कागदावर फक्त तुमच्यासाठी पॅटर्न काढतो. तो कागद दुकानात टांगून ठेवला जातो. मग कापड कापायचं, पांढऱ्या दोऱ्याने कच्ची शिलाई घालायची, पहिली ट्रायल. उसवायचं, पुन्हा खडूने खुणा, पुन्हा शिलाई, दुसरी ट्रायल. कधी तिसरीही. यात दोन-तीन महिने सहज जातात. कापणारा वेगळा, कोट शिवणारा वेगळा, पँटवाला वेगळा, काजं करणारी आणि शेवटचा हात फिरवणारी वेगळी, इस्त्रीवाला वेगळा. 'सॅव्हिल रो बिस्पोक असोसिएशन' ही दुकानांची संघटना २००४ मध्ये स्थापन झाली. तिच्या हिशेबाने एका सूटमागे किमान पन्नास तासांचं हातकाम असावं लागतं.

शब्दावरून भांडणही झालंय बरं का. मशीनवर शिवलेल्या सूटला 'बिस्पोक' म्हणून जाहिरात करता येईल का, असा वाद ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे गेला आणि २००८ मध्ये निकाल लागला : येईल! गल्लीतल्या जुन्या शिंप्यांच्या काळजाला तो किती लागला असेल, कल्पना करा. शब्द हातचा गेला, आता हातातलं कामच काय ते राहिलं.

आणि आकडा? टू-पीस बिस्पोक सूट साधारण पाच हजार पौंडांच्या पुढेच सुरू होतो. गुणाकार तुमचा तुम्ही करा. मी एकदाच केला आणि मोबाइल खिशात ठेवला.

बोटांनी पाहिलेला कोट

अशा दुकानात नुसतं बघायला शिरायचं तर थोडं धाडस लागतं. पण खरं सांगू? तिथे मॉलमधल्या सेल्समनपेक्षा जास्त अदबीने बोलतात. एका दुकानात मी सरळच सांगितलं, "विकत घ्यायला आलेलो नाही, काम बघायला आलोय. चालेल?" टेबलामागचा कटर साठीच्या आसपासचा असावा. गळ्यात टेप, हातात खडू. तो म्हणाला, "चालेल. पण आधी मला तुमचा कोट बघू द्या."

माझ्या अंगात दादरच्या टेलरने शिवलेला राखाडी कोट होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी, भावाच्या लग्नात. अशा ठिकाणी आपल्या कपड्यांकडे कोणी निरखून बघायला लागलं की पोटात गोळा येतोच. त्याने आधी लेपलच्या खालचा भाग चिमटीत धरला आणि बोटांनी चोळून बघितला. बाहेरचं कापड आणि आतलं कापड, दोन्ही सुटे सरकतात का ते बघत होता. मग समजावून सांगायला लागला. चांगल्या कोटाच्या छातीत एक कॅनव्हास असतो, लोकर आणि घोड्याच्या केसांचा. तो बाहेरच्या कापडाला शेकडो बारीक टाक्यांनी अडकवलेला असतो, चिकटवलेला नसतो. म्हणून कोट अंगाच्या उबेने हळूहळू तुमचा आकार घेतो. स्वस्त कोटात तिथे गोंद लावलेलं कापड गरम प्रेसने चिकटवतात. आपल्याकडे ज्याला फ्युजिंग म्हणतात ते. काही वर्षांनी, काही ड्रायक्लीननंतर गोंद सुटतो आणि छातीवर फुगे दिसायला लागतात.

माझ्या कोटात वरच्या भागात कॅनव्हास होता, खाली फ्युजिंग. "अर्धा-अर्धा," तो म्हणाला, "ठीक आहे. प्रामाणिक काम आहे." मग त्याने पाठीमागची शिवण अस्तरावरून दाबत, बोटं वरून खाली नेली आणि पहिल्यांदाच हसला. "हे ज्याने शिवलंय त्याला काम येतं. त्याने इन्ले सोडलाय. इंचभर तरी असेल."

इन्ले. म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. मला पटकन उमजेना, आणि मग दादरच्या मास्तरांचं वाक्य आठवलं. कोट देताना ते म्हणाले होते, "माया ठेवलीय आत. लग्न झालं की पोट सुटतं माणसाचं. घेऊन या, वाढवून देईन."

माया! शिवणकामातला किती सुंदर शब्द आहे हा आपल्याकडे. आई-आजीच्या तोंडी तर कायमचा. पोरीच्या फ्रॉकमध्ये माया ठेवायची, शाळेच्या चड्डीत माया ठेवायची, पुढच्या वर्षी उसवायला. कटरला मी या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग तुमच्या भाषेत हे आमच्यापेक्षा बरोबर सांगितलंय."

माझा प्रश्न तिथेच सुटला. पैसे जातात ते बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींत : कॅनव्हासमध्ये, टाक्यांमध्ये आणि या मायेत. इथला टेलर आपल्या नावाचं लेबलही बाहेर लावत नाही. ते आतल्या खिशाच्या आत असतं, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख. आज शिवलेला कोट वीस वर्षांनी परत येणार हे धरूनच तो कापलेला असतो. राजा तिसरा चार्ल्स याचं चालतंबोलतं उदाहरण. २०१८ मध्ये धाकट्या मुलाच्या, हॅरीच्या लग्नात त्याने घातलेला मॉर्निंग कोट १९८४ मध्ये शिवलेला होता. चौतीस वर्षं! आपण चौतीस वर्षांत किती कोट, किती फोन आणि किती नोकऱ्या बदलतो?

एका गल्लीत तीन स्वभाव

बाहेरून सगळे सूट सारखेच वाटतात. पण डोळा बसला की दुकानागणिक फरक कळतो. १ नंबरच्या पत्त्यावर पूर्वी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी होती. मग तिथे हॉक्स आले, पुढे गीव्ह्ज अँड हॉक्स. मूळ धंदा आरमार आणि सैन्याच्या गणवेशांचा, म्हणून छाती ताठ, कंबर आवळलेली. ११ नंबरला हंट्समन : एक बटण, लांब कोट, घोडेस्वाराचा थाट. 'किंग्जमन' सिनेमातलं गुप्तहेरांचं शिंप्याचं दुकान आठवतंय? त्याचं शूटिंग इथलं. आत भिंतीवर सांबरांची दोन मुंडकी आहेत. १९२१ मध्ये एक गिऱ्हाईक ती ठेवून जेवायला गेलं ते परत आलंच नाही, असं सांगतात.

तिसरा स्वभाव जवळच्या ओल्ड बर्लिंग्टन स्ट्रीटवर आहे, अँडरसन अँड शेपर्ड. फ्रेडरिक शोल्टे नावाच्या मूळच्या डच कटरने लष्करी कोटांवरून एक युक्ती काढली. छातीवर आणि पाठीवर कापड थोडं सैल सोडायचं, बगल मात्र उंच आणि घट्ट कापायची. हात वर केला तरी कोट वर चढत नाही आणि माणूस चिलखतात अडकल्यासारखा दिसत नाही. त्याला 'ड्रेप कट' म्हणतात. ड्यूक ऑफ विंडसर शोल्टेचं गिऱ्हाईक होता आणि अँडरसन हा शोल्टेच्याच हाताखाली तयार झालेला.

गल्ली नुसती म्हाताऱ्यांची आहे असंही समजू नका. ३ नंबरच्या गच्चीवर ३० जानेवारी १९६९ला बीटल्स लोकांसमोर शेवटचं एकत्र वाजवले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी टॉमी नटर नावाच्या पोराने याच गल्लीत दुकान टाकलं. रुंद लेपल, भडक चेक्स, काचा उघड्या, सगळंच हटके. 'अ‍ॅबे रोड'च्या कव्हरवर झेब्रा क्रॉसिंग ओलांडणाऱ्या चौघांपैकी तिघांच्या अंगावर नटरचे सूट आहेत. चौथा जॉर्ज, तो डेनिममध्ये.

शर्ट, टोपी आणि छत्री

सूट झाला, बाकीचं काय? त्यासाठी दक्षिणेकडे चला. समोरच बर्लिंग्टन आर्केड आहे, १८१९ पासूनची छत असलेली बाजारपेठ. इथे टोप्या घातलेले 'बीडल' पहारा देतात आणि शिट्टी वाजवायला मनाई आहे. आर्केडमधून पिकॅडिलीवर या, रस्ता ओलांडा, समोरच्या पिकॅडिली आर्केडमध्ये शिरा. पलीकडे निघालात की जर्मिन स्ट्रीट, आणि तुमच्या स्वागताला ब्राँझमधला बो ब्रमेल उभा!

ब्रमेल (१७७८–१८४०) हा या सगळ्याचा मूळपुरुष. पुरुषही पावडर, रेशीम आणि जरी मिरवायचे त्या काळात त्याने साधा गडद कोट, फुलपँट आणि रोज धुतलेला पांढरा शर्ट आणला. रोज आंघोळ करायची, ही त्याची तेव्हाची क्रांतिकारक टिप. चांगला कपडा ओरडत नाही, हा फंडा त्याचा. शेवट मात्र वाईट. जुगारात कर्जबाजारी होऊन १८१६ मध्ये तो फ्रान्सला पळाला आणि तिथेच हलाखीत गेला. मापात राहायचं ते फक्त कपड्यांत नाही, एवढा धडा पुतळ्याखाली उभं राहून घ्यावा.

जर्मिन स्ट्रीट शर्टांची. टर्नबुल अँड अ‍ॅसर (१८८५), हिल्डिच अँड की (१८९९) अशी जुनी नावं ओळीने आहेत. १९६२च्या 'डॉ. नो'मध्ये शॉन कॉनरीने घातलेले शर्ट टर्नबुलचे, मनगटाशी उलटा दुमडलेला, दोन बटणांचा कफ असलेले. इथे मापाचा शर्ट करायचा तर आधी एक नमुन्याचा शर्ट शिवतात, तो तुम्ही घालून, चार वेळा धुऊन बघायचा आणि मगच बाकीचे. काही दुकानांत पहिल्या ऑर्डरला किमान शर्टांची अट असते. खांद्यामागची पट्टी दोन तुकड्यांची, बटणं शिंपल्याची, खिशाचे पट्टे शर्टाच्या पट्ट्यांशी जुळलेले. सगळे बारकावेच.

शेजारच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर ६ नंबरला लॉक अँड कंपनी, टोप्यांचं दुकान, स्थापना १६७६. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा, म्हणजे दोनच वर्षं आधीचा! बोलर हॅट यांचीच, १८४९ची. ती काढली शहरी साहेबासाठी नव्हे, तर एका जमीनदाराच्या रानराखणदारांसाठी, झाडाच्या फांद्या डोक्याला लागू नयेत म्हणून. ऑर्डर देणाऱ्या एडवर्ड कोकने ती जमिनीवर ठेवून वर पाय आपटून बघितला, मोडली नाही, मग पैसे दिले, असं सांगतात. जवळच जॉन लॉब, बूटवाले. गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचे ते जपून ठेवतात.

पुणेकर-मुंबईकरांनी चुकवू नये असं ठिकाण मात्र थोडं लांब आहे, न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. जेम्स स्मिथ अँड सन्स, छत्र्यांचं दुकान, १८३० पासूनचं. लांब दांड्याची छत्री घेतली की तुमच्या उंचीप्रमाणे दांडा कापून देतात. आपण दर जूनमध्ये छत्री घेतो आणि सप्टेंबरपर्यंत तिच्या काड्या बाहेर येतात. इथे छत्रीचंही माप घेतात, बोला!

साहेबाचा कोट, पण साहेब कोण?

या सगळ्या थाटात आपलाही वाटा आहे. डिनर जॅकेटबरोबर कमरेला बांधतात तो 'कमरबंड' म्हणजे आपला कमरबंद, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उचललेला. जर्मिन स्ट्रीटच्या काचेत मिरवणारे रेशमी 'पजामाज' आपलेच. आणि 'डंगरी' हा शब्द तर थेट मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडाचा.

पण शब्द गेले तितक्या सहज माणसं या काचांच्या आत गेली नाहीत. मोहनदास गांधी नावाचा तरुण १८८८ मध्ये लंडनला शिकायला आला आणि त्याने बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा ईव्हनिंग सूट शिवला. बाँड स्ट्रीट इथून दोन पावलांवर. आरशासमोर टाय बांधायला शिकण्यात किती वेळ घालवला, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय. त्याच गांधीजींनी १९३१ मध्ये पंचा आणि शाल पांघरून बकिंगहॅम पॅलेसमध्ये पंचम जॉर्जची भेट घेतली. आणि त्याच वर्षी, त्याच गोलमेज परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सूट-टायमध्ये बसले होते.

मला वाटतं, कपड्यांबद्दल याहून मोठा धडा नाही. ज्याला सूट सहज मिळत होता त्याने तो उतरवला. आणि ज्यांच्या समाजाने काय ल्यावं, काय नेसावं हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं, त्यांनी तो मुद्दाम घातला, नीट इस्त्री करून. बाबासाहेबांसाठी तो साहेबाची नक्कल नव्हता, हक्काची पावती होती. १९२१-२२ मध्ये ते राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे आता स्मारक आहे. सॅव्हिल रो बघितलीत तर तेही त्याच ट्रिपमध्ये बघा. एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे.

गल्लीनेही दार उघडायला वेळ घेतला, पण उघडलं. त्रिनिदादहून १९७० मध्ये आलेला अँड्र्यू रामरूप १९८८ मध्ये मॉरिस सेडवेल या दुकानाचा मालक झाला. घानाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा ओझवाल्ड बोटेंग २००८ मध्ये ३० नंबरला आला. कॅथरीन सार्जंट २००९ मध्ये इथल्या बड्या दुकानाची पहिली स्त्री मुख्य कटर बनली आणि २०१६ मध्ये तिने याच गल्लीत स्वतःचं नाव लावलं.

आता भीती वेगळी आहे, भाड्याची. इथली बरीच मालमत्ता पोलन इस्टेटची, त्यातला ५७.८ टक्के हिस्सा २०१४ मध्ये नॉर्वेच्या सरकारी फंडाने घेतला. २०१२ मध्ये एक अमेरिकन ब्रँड मुलांच्या कपड्यांचं दुकान ३ नंबरला टाकणार म्हटल्यावर थ्री-पीस सूट घातलेल्या मंडळींनी चक्क फलक घेऊन मोर्चा काढला. दुकान २०१४ मध्ये उघडलंच. गीव्ह्ज अँड हॉक्सची मालक कंपनी बुडाली आणि २०२२ मध्ये हे नाव स्पोर्ट्सवेअर विकणाऱ्या समूहाकडे गेलं. नगरपालिकेचे संरक्षक नियम आहेत, अ‍ॅप्रेंटिस येताहेत, पण कटर तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि दुकान बंद व्हायला एक दिवस.

आणि आपण?

हे वाचून पाच हजार पौंड साठवायला लागू नका. धडा घ्यायला तिकीटही लागत नाही. आपल्या गावात अजून शिंपी आहेत. दरवर्षी थोडे कमी होताहेत, एवढंच. मुलगा आयटीत, गाळ्याला चांगलं भाडं मिळतंय, आणि आपण सगळे मॉलमध्ये. ट्रायलला दोन चकरा मारायला वेळ कोणाला आहे? पण पुढचा सूट शिवायचा असेल तर या गोष्टी लक्षात ठेवा :

• खांदा आधी बघा. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, खांदा जवळजवळ नाही. शिवण खांद्याच्या हाडाशी संपायला हवी.

• मानेमागे कोटाची कॉलर शर्टाला चिकटून हवी. मध्ये फट दिसली तर ट्रायल पास करू नका.

• बाहीखाली शर्टाचा अर्धा इंच कफ दिसू द्या. कोटाचं सर्वांत खालचं बटण कायम उघडं.

• आपल्या हवेत लंडनचं जाड कापड नको. आठ-नऊ औंसांचं, म्हणजे मीटरला अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅमचं, मोकळ्या विणीचं वुलन घ्या आणि अस्तर अर्धंच लावायला सांगा. पॉलिस्टर मिक्स स्वस्त पडतं, पण मे महिन्यातल्या लग्नात तुम्हीच शिजता.

• पूर्ण कॅनव्हास परवडत नसेल तर निदान छातीत तरी घालायला सांगा. त्यासाठी द्यावे लागणारे जास्तीचे पैसे वसूल होतात.

• पहिला सूट गडद निळा किंवा राखाडी. काळा नको. काळा वेटरला आणि वकिलाला शोभतो.

• बूट आणि बेल्ट एका रंगाचे. घड्याळ पातळ. बस्स.

माझ्या कोटाचं म्हणाल, तर परत आल्यावर तो दादरला नेला. मास्तरांनी पाठीची शिवण उसवली, पाऊण इंच वाढवलं, आणि उरलेलं कापड पुन्हा नीट आत दुमडलं. लंडनचा कटर काय म्हणाला ते मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "त्यात काय एवढं? गिऱ्हाईक परत यायला नको का?" आणि खडू शोधायला लागले.

तेव्हा पुढच्या वेळी ट्रायलला जाल तेव्हा आरशात स्वतःला बघून झालं की एवढं जरूर विचारा : "मास्तर, माया किती ठेवलीत?" प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा खुलला, तर समजा, टेलर चांगला मिळालाय. पत्ता जपून ठेवा.